सुधीरच्या गाडीतले ट्रॅक्टरचे ऑईल

सर्व मान्यवरांस सादर नमस्कार.

माझा मुलगा सुधीर वारल्यापासून त्याची जुनी स्पोर्ट्स कार मीच सांभाळतो. दर रविवारी ती सिंदीच्या स्टेशनापर्यंत नेऊन परत आणण्याचा माझा नेम आहे. गेल्या महिन्यात तिचे इंजिन ऑईल बदलायचे होते. ट्रॅक्टरचे घट्ट ऑईल घरात होते, तेच ओतले. उभे आयुष्य ट्रॅक्टर चालविल्यामुळे कोणास विचारणे मला कमीपणाचे वाटले.

आज सकाळी इंजिन जाम झाले. रमेश मिस्त्रीने थोडे ऑईल बोटांवर चोळून पाहिले.

"बाबूजी, हे कोनं टाकलं?"

"मी."

"गाडीचं पुस्तक काऊन नाई पाह्यलं? हिले पातळच लागते."

पुस्तक इंग्रजीत आहे आणि माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, म्हणून ते मी कधी उघडले नव्हते. रमेशने उघडले. पहिल्याच पानावर सुधीरने मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले होते : 'बाबा, हिले ट्रॅक्टरचं ऑईल टाकू नका.'

मी पुस्तक मिटले. घरी येऊन जेवलो. रडू आले नाही.

आपल्याला समजणार नाही असे मानून आपणही एखादे पुस्तक न उघडता ठेवले आहे काय?