बगळ्याचं पोट

दुपारी जेवण झाल्यावर मी जरा पडते. हातांना अजून रॉकेलचा वास आहे. सकाळभर बागेतल्या लोखंडी बगळ्याला पॉलिश पेपर घासत होते. सासऱ्यांनी तो भंगारातून जोडलेला. आता मानेचा भुगा होत आलाय आणि पोटावर जाड तपकिरी थर साचलाय. वेल्डर आला की पोट कापून नवा पत्रा लावील, मग मी रंग देईन. पंख्याची पाती हळू होत जातात, एकेक पातं मोजता येईल इतकी.

बगळ्याजवळ सासूबाई बसल्या आहेत. त्यांना जाऊन वर्ष झालं, हे मला नीट आठवतं. म्हणून मी जवळ जात नाही.

"काय करून राहिली वो?"

"आई, गंज काढतेय."

"नको काढू. माहा गंज होय तो."

घरातली प्रत्येक वस्तू त्यांचीच असायची. आता गंजही? माझं काम अर्धं राहावं म्हणूनच त्या आल्या असाव्यात.

"गंज ठेवून रंग दिला तर पापुद्रे सुटतात," मी सांगते. आम्ही माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आहोत. बगळा सिंकमध्ये उभा आहे. सासूबाई बर्नरवर चहा ठेवतात.

"तुले अजून ग्रिलच दिसते!" त्या हसतात.

हसणं त्यांचंच आहे, पण हसण्यावर विश्वास ठेवता येत नाही. माहेर विचारलं तर त्या हिंगणघाट म्हणतील. ते मलाही ठाऊक आहे, आणि मला ठाऊक असलेलं उत्तर हा त्या खरंच आल्याचा पुरावा नव्हे.

"लग्नात नाव बदललं ना तुमचं? आधीचं काय होतं?"

त्या बर्नर बंद करतात. सिंकमधून पाणी वाहून जात राहतं, बगळ्याच्या पायांखाली नदी होते.

"मथुरा," त्या म्हणतात. "इतके वर्ष कोणी पुसलंच नाही."

"वसुधा, वेल्डर आलेत!" अविनाशची हाक येते.

मी उठून बसते. ग्रिल. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या होत्या, "गंज घासून ठेव." मी साताऱ्याची. मी व्हरांड्याची गंजलेली ग्रिल घासून लख्ख केली. इकडे वर्ध्याला गंज म्हणजे पातेलं. पुढे प्रत्येक पाहुण्याला त्यांनी ते हसून सांगितलं.

बागेत वेल्डरने ग्राइंडर हातात घेतलाय.

"थांबा!"

रॉकेलचा बोळा मी पोटावर दाबून फिरवते. तपकिरी थर मानेवरून ओघळलेला आहे, खालच्या धातूचा नाही. आत पितळ आहे. भांड्याचा काठ लागतो आणि काठाखाली टिंबाटिंबांनी घातलेलं नाव: मथुरा.

सकाळी घासताना ही अक्षरं माझ्या बोटांना लागली असतील का? नाही म्हणवत नाही.

"मग काय, कापू ना पोट, मॅडम?"

"नको. गंज राहू द्या."

"हो, गंजच दिसून राहिला हा," वेल्डर वाकून बघतो.

"पितळ टेकलं की लोखंड लवकर खराब होतं. मान नवी करा, आणि दोघांच्या मधे रबराची पट्टी घाला."

अविनाश चष्मा पुसून नाव वाचतो. "मथुरा कोण?"

"तुझी आई," मी सांगते. "तूही कधी पुसलं नाहीस."