काळी पट्टी आणि जिवंत बैल

“काळी पट्टी? ताई, माझा बैल जिवंत हाय!”

बाळारामशेठ एवढ्या जोरात ओरडले की मांडववाले शिडीवरच थांबले. शेठच्या मागे बादल उभा होता. शिंगांना फुगे बांधलेले, आणि तो शांतपणे रवंथ करत होता. संध्याकाळी त्याचा वाढदिवस होता. मी कॉम्प्युटर गेम बनवते. कर्जतला हार्डवेअरच्या दुकानावर आमचं छोटं ऑफिस आहे. मॅनेजर लोकांच्या शिव्या मी भरपूर खाल्ल्यात, पण बैलाच्या वतीनं कुणी खेकसायची ही पहिलीच वेळ.

शेठ खालापूरकडचे. भातशेती आहे, पण जीव सगळा बादलमध्ये. बादल बिनजोड शर्यतीचा बैल. बिनजोड म्हणजे दोनच गाड्या पळतात, जी पुढे ती जिंकली. गेल्या हंगामात त्याचा मागचा पाय दुखावला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चालेल-फिरेल, शर्यत विसरा. शेजारगावच्या धर्माशेठचा बैल दरवेळी बादलकडून मार खायचा. ते चारचौघांत बोलून गेले, “बादल संपला.” शेठना ते फार लागलं. तडक माझ्याकडे आले.

“ताई, त्याला एकदा पळवा. पडद्यावर का होईना. पण धर्मा समोर बसलेला पायजे.”

मी गेम केला. एका बटणावर बादलची गाडी, दुसऱ्यावर समोरच्याची. जो लयीत बटण दाबेल त्याची गाडी पळेल. मी हळूच विचारलं, “बादलला थोडं जास्त बळ देऊन ठेवू का?”

“अजिबात नाय! बादलनं कधी फुकटचं घेतलं नाय.”

माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. तिथे गेम विंडोत होता, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चौकटीत. चौकटीचं माप मी ठरवलेलं, रुंद, शर्यतीच्या मैदानासारखं. फुलस्क्रीन केलं की गेम अख्खा पडदा घेतो आणि मग माप पडद्याचं चालतं. आडवे ठिपके किती, उभे किती, या मापाला रिझोल्यूशन म्हणतात. प्रत्येक पडद्याचं वेगळं, त्यामुळे गेमनं ते नव्यानं विचारून घ्यायचं असतं.

वाढदिवसाला पडदा होता एलईडीचा. सुटे तुकडे जोडून हवा तेवढा करता येतो. मोहोपाड्याच्या नितेशनं तो लावला होता. उभा! दाराएवढा रुंद आणि वर बघून मान दुखेल एवढा उंच.

“नितेश, आडवा सांगितला होता ना रे?”

“मॅडम, दरवर्षी बादलचा बॅनर उभाच असतो ना. फ्रेम तयार होती. तिच्यातच बसवला. कसा मापात बसलाय बघा.”

“खोल आणि आडवा कर.”

“आता वरून मांडव बांधलाय. मांडव पाडायला लागंल.”

मी कपाळावर हात मारला आणि ऑल्ट-एंटर दाबलं. ही फुलस्क्रीनची बटणं. गेमनं पडदा भरायचा म्हणून चित्र उभं ताणलं. बादलचे पाय बांबूसारखे झाले, मान पार वर गेली. शेठनी मान तिरकी करून विचारलं,

“ह्यो उंट कुणाचा?”

मग मी शहाण्यासारखं चित्राचं प्रमाण कायम ठेवलं. बैल बैलासारखा दिसला, मधोमध. वर-खाली जी जागा उरली ती काळी. सगळं जग असंच करतं. मी खुशीत मागे वळले आणि तेव्हाच शेठ ओरडले.

त्यांचंही बरोबर होतं म्हणा. रस्त्याकडेला उभा बॅनर, मधे बैल, वर-खाली काळं. आमच्याकडे असा बॅनर एकाच कारणासाठी लागतो. मी पट्टी बदलायच्या आत एक बाईकवाला थांबला. त्यानं हेल्मेट काढलं, हात जोडले, फोटो घेतला आणि गेला.

पाठोपाठ शेठचा फोन वाजायला लागला. गावाच्या ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा पूर आला होता. शेठ एकेकाला सांगत होते, “अरं तो हितं उभा हाय, पेंढा खातोय!” पलीकडून समजूत निघत होती, “शेठ, धीर धरा. असा भास होतो सुरुवातीला.”

मग खुद्द धर्माशेठ आले. पांढरे कपडे, हातात जाडजूड हार, डोळे ओले.

“बाळाराम, असा बैल परत होणार नाय रं,” असं म्हणून ते बादलच्या शेजारीच उभे राहिले आणि पडद्याकडे बघून रडायला लागले. बादलनं मान वळवली आणि हार खायला घेतला.

धर्माशेठ किंचाळले. मग हसले. मग चिडले. “जिवंत हाय तर काळं कशाला लावलंत?”

“ह्या ताईंना विचार.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “मग एवढी जागा कशानं भरू? तुम्हीच सांगा!”

दोघांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं आणि एकदम म्हणाले, “शुभेच्छुक!”

खरंच की! वाढदिवसाचा बॅनर शुभेच्छुकांच्या फोटोंशिवाय असतो कुठे? वरच्या पट्टीत बादलचं नाव टाकलं, खालच्या पट्टीत गावकऱ्यांचे चेहरे. ज्यांनी श्रद्धांजली वाहिली होती त्यांनीच धडाधड फोटो पाठवले. धर्माशेठनी गॉगलवाला दिला आणि बजावलं, “पहिल्या रांगेत घ्या. मी खास आलोय.”

संध्याकाळी मांडव भरला. एका बटणावर बाळारामशेठ, दुसऱ्यावर धर्माशेठ. अर्ध्या शर्यतीत बाळारामशेठना असा जोर चढला की त्यांचा पंजा अख्ख्या कीबोर्डवर पडला आणि गेम फुलस्क्रीनमधून बाहेर आला. पडद्यावर माझ्या लॅपटॉपच्या वॉलपेपरचा लग्नाचा फोटो, उभा ताणलेला, आणि कोपऱ्यात एवढासा बादल.

“गेला! गेला!” सगळे ओरडले. शेठचा चेहरा पांढराफटक पडला.

पण एक गोष्ट मी आधीच केली होती. बैल कुठे आहे हे ठिपक्यांत लिहून ठेवलं तर माप बदलताच तो भलतीकडे जातो. मी ते अंतराच्या हिश्शात लिहिलं होतं. निम्मं अंतर ते निम्मंच, पडदा केवढाही असो. परत ऑल्ट-एंटर दाबलं. बादल जिथे होता तिथेच होता. धर्माशेठची गाडीही तिथेच होती. मी बघितलं तर त्यांनी बटणावरचा हात वर धरला होता.

“तो आला का? मग चालू करा,” ते म्हणाले.

बादल जिंकला, जेमतेम तोंडाच्या फरकानं. धर्माशेठनी उठून गुलाल उधळला. “बादल संपला नाय,” ते सगळ्यांसमोर म्हणाले. बाळारामशेठ तिथे थांबलेच नाहीत. ते खऱ्या बादलकडे गेले, त्याला बादलीभर पाणी पाजलं आणि खाली बसून त्याचा दुखरा पाय चोळत राहिले.

“दमला असंल,” ते मला म्हणाले. मला रडू आलं, सांगायला लाज कसली?

तेव्हापासून आमच्या कुठल्याही गेममध्ये उरलेली जागा गुलालासारखी गुलाबी असते. मुंबईचे क्लायंट विचारतात, मॅडम, काळी का नाही? मी सांगते, काळी ठेवली की लोक हार घेऊन येतात.