शहाऐंशी किलो

माझ्या भावजयीची गोष्ट सांगते. मालू तिचं नाव. आता ती खडवलीला तिच्या भावाकडे असते, माझ्याशी बोलत नाही. सांगताना मी कुठे चांगली वाटले, तर समजा की तेवढं मी खोटं बोलले.

आम्ही कोलशेतच्या कोळीवाड्यातले. धाकू माझा पाठचा भाऊ, खाडीत त्याच्या दोन होड्या. नवरा गेल्यावर मी दोन पोरं घेऊन माहेरी आलेली, त्याच्याच घरात राहायची, त्याचंच खायची. मालू लग्न होऊन आली तेव्हाच अंगाने भरलेली होती. चौदा वर्षांत मूल नाही, अंग मात्र वाढत वाढत एकशे अठरा किलोवर गेलं. मासळीची पाटी घेऊन बाजारात निघाली की पोरं मागून 'ट्रक आला, ट्रक आला' करायची, आणि ती वळून अशी काही शिवी हासडायची की पोरांच्या आया दारात यायच्या. मला आवडायची ती. हेही खरं आहे.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईच्या एका डॉक्टरने सांगितलं, पोट शिवून लहान करायचं ऑपरेशन निघालंय. जेवण चार चमच्यांवर येईल, वजन उतरेल, पाळी नीट होईल. "पंच्याहत्तरच्या खाली आलात की मग मुलाचं बघू," तो म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला. मधे वजन अडतं, महिना-दोन महिने हलतच नाही, त्याला घाबरायचं नाही. पण ते ऐकतंय कोण. धाकूने आकडा तेवढा उचलला. देवाने कौल द्यावा तसा तो पंच्याहत्तर आमच्या घरात येऊन बसला.

सहा महिने मजेत गेले. दर शनिवारी धाकू तिला बंदरावर न्यायचा, मासळी तोलायच्या काट्यावर उभी करायचा आणि आकडा मोठ्याने वाचायचा. एकशे पाच. अठ्ठ्याण्णव. नव्वद. सगळं बंदर ऐकायचं आणि हा मिशीत हसायचा, जसं काही वजन ह्याचंच उतरत होतं. मग शहाऐंशी आलं आणि काटा तिथेच बसला.

दुसऱ्या शनिवारी शहाऐंशी. तिसऱ्या शनिवारी शहाऐंशी. चौथ्या शनिवारी बर्फ फोडणारा रघु म्हणाला, "दादा, वहिनी कोलबी विकते कमी न् खाते जास्त वाटतं." लोक हसले. धाकूने रघुला बोटही लावलं नाही. त्याने मालूच्या कानाखाली अशी वाजवली की ती काट्यावरून खाली चिखलात गेली. ओठ फाटला, पदर रक्ताने भरला. कोणी पुढे झालं नाही. मीही नाही.

तेव्हापासून घरात डब्यांना कुलूप. किल्ली माझ्या कमरेला. मालू सकाळी उठून ओकायची, आम्ही म्हणायचो ऑपरेशनचं आहे. दुपारी झोपायची, आम्ही म्हणायचो आळस चढलाय. पाळी तर तिची कधीच वेळेवर नव्हती, चार-चार महिने यायची नाही, तिकडे कोण बघणार. शनिवार आला की काटा, आणि काट्यानंतर कंबरेचा पट्टा. एकदा तर होडीचं वल्हं उचललं त्याने. मालूही काही गरीब गाय नव्हती. एकदा तिने मासे कापायचा कोयता उगारला आणि म्हणाली, "परत हात लाव, मनगट तोडून खाडीत टाकते." दोन शनिवार तो गप्प राहिला. तिसऱ्या शनिवारी त्याने आधी कोयता लपवला, मग मारलं.

आता माझं ऐका. एका शुक्रवारी मागच्या दारी, जाळ्यांच्या ढिगाआड ती उभी होती, पाठमोरी, तोंड हलत होतं. मी वाकून बघितलं. चिंचेचा गोळा, वर मीठ. डोळे मिटून चाटत होती. मी दोन पोरं काढलीत. दोन्ही वेळा मला चिंचेशिवाय काही सुचत नव्हतं. आणि माझ्या डोक्यात काय आलं, तर ही चोरून खाते. किल्ली माझ्याकडे, उद्या धाकू मलाच धारेवर धरेल, पोरांना घेऊन मी कुठे जाऊ, हे आलं. मी त्याला जाऊन सांगितलं, "मागे उभी राहून रोज काहीतरी चघळते ती." चिंच म्हणाले नाही. जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी परत शहाऐंशी. घरी आल्यावर धाकू मला म्हणाला, "बाय, ताट वाढ. भरून." मी वाढलं. भात, कालवण, तळलेले बोईट. त्याने मालूला केसांना धरून खाली बसवलं. "चोरून खातेस ना, मग माझ्यासमोर खा." आणि हाताने भात तिच्या तोंडात कोंबायला लागला. ती मान फिरवत होती, "टाके फाटतील, ओ, टाके फाटतील," एवढंच म्हणत होती. चौथ्या-पाचव्या घासाला तिने त्याच्या हातावरच ओकलं. मग त्याने लाथ घातली. ती आडवी झाल्यावर आणखी दोन. पोटातच घातल्या, कारण त्याचा सगळा राग त्या पोटावरच होता.

लादीवर रक्त यायला लागलं. मला वाटलं टाके तुटले. धाकूलाही तेच वाटलं. भडव्याने तिला उचलून रिक्षापर्यंत पळत नेलं, लहान पोरासारखा रडत होता.

ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईने विचारलं, काय झालं. मी म्हणाले, "ओट्यावरून पडली." बाई आत गेल्या. तासाभराने बाहेर आल्या. "ऑपरेशनला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मूल गेलं. साडेतीन महिन्यांचं होतं."

धाकू म्हणाला, "असं कसं? अजून पंच्याहत्तर झालं नाही."

बाईंना काही कळलं नाही. मला सगळं एकदम कळलं, सकाळचं ओकणं, दुपारची झोप, ती चिंच.

मी आत गेले तेव्हा मालू जागी होती. मला वाटलं शिव्या घालेल. घातल्या असत्या तर मी पाय धरले असते. ती हळू म्हणाली, "वन्सं, तुम्ही दोन पोरं जन्माला घातलीत. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

तेवढ्यात हवालदार वही घेऊन आला. त्याच्या मागे दारात धाकू, हातात शहाळं. हवालदार म्हणाला, "ओट्यावरून पडली, बरोबर ना?" धाकूने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत माझं छप्पर होतं, माझ्या पोरांची शाळा होती.

मी म्हणाले, "पडली नाही. माझ्या भावाने लाथा मारल्या. ती चोरून खाते असं त्याला मी सांगितलेलं."

शहाळं माझ्या तोंडावर आलं. पुढचा दात तुटून घशाशी गेला, नाकातून रक्ताची धार लागली. दोन वॉर्डबॉयनी धाकूला दाबून धरलं, तो मला आईवरून शिव्या देत होता. हवालदाराने पडलेली वही उचलली, पुसली आणि मालूला विचारलं, "बाई, ही सांगते ते खरं?"

मालूने आधी धाकूकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"खरं आहे," ती म्हणाली. "दोघांची नावं लिहा."

हवालदार माझ्याकडे वळला. मी तोंडातलं रक्त पदरात थुंकले आणि त्याला माझं नाव सांगितलं. बायजा सखाराम कोळी, वय बेचाळीस.