चवीच्या वहीतली सही

डोळखांबच्या डोंगरात आमची दोन शिक्षकांची शाळा आहे. तिथे दुपारचं जेवण मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचं, अर्धा तास थांबायचं आणि चवीच्या वहीत सही करायची, असा नियम आहे. वही माझ्याकडे होती आणि त्या वर्षी माझं पोट माझ्या ताब्यात नव्हतं.

कळ यायची, फुगायचं आणि लागलं की लगेच जावं लागायचं. शाळेच्या संडासात दिवाळीनंतर पाणी नसतं. शहापूरच्या खोलीवरून शाळेत येताना रस्त्यात कुठे आडोसा आहे, हे मला पाठ झालं होतं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, आतड्याला जखम नाही, पण ते चिडतं. तळलेलं आणि तिखट बंद करा.

घरात शिकलेला मी पहिला. शिकलेल्या माणसाने सांगितलेलं दुप्पट पाळायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. त्याच सवयीने मी पदवीपर्यंत पोचलो, म्हणून तिच्याविषयी कृतज्ञही होतो. तळलेलं बंद म्हणजे तेल-तूपच बंद, असं मी मनानेच ठरवलं. मऊ भात आणि उकडलेला दुधी. तीन महिन्यांत पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. मुरबाडला घरी गेलो की आई ताटाकडे बघत राहायची. "नाचणी खाऊन तुला शिकवला," ती म्हणाली, "आन् आता तू आजाऱ्याचं खातोस."

शाळेच्या जेवणातल्या मटकीच्या एका चमच्याचीही मला धास्ती वाटायची. स्वयंपाकाच्या मावशी रोज वाटी आणून द्यायच्या. त्या वळल्या की मी ती खिडकीबाहेरच्या कुत्र्यापुढे ओतायचो आणि वहीत लिहायचो, 'चव घेतली, अन्न योग्य.'

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. मावशी नाक पुसत आल्या. "पडसं झालंय, गुरुजी. वास येत नाय. तेवढं नीट बघा."

मी वाटी ओतली. कुत्र्याने हुंगली आणि ते निघून गेलं. मी ते पाहिलं. तरी सही केली.

पंगतीत दुसरीतली एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, भाजी कडू लागते."

"अन्नाला नावं ठेवू नये," मी म्हणालो. तिने मान खाली घालून सगळी संपवली.

तासाभरात चार मुलं ओकू लागली. सर्वांत जास्त ती. आरोग्य केंद्रात नेलं, संध्याकाळपर्यंत सगळी बरी झाली. सुट्टीआधी फोडलेला तेलाचा डबा तसाच उघडा राहिला होता. तेल खवट झालं होतं. एका चमच्यात मला कळलं असतं.

दोन दिवसांनी शाळा समितीची बैठक झाली. मावशी दाराशी उभ्या होत्या. एक सदस्य म्हणाले, "मावशींचं वय झालं आता. दुसरी बाई बघू."

"गुरुजींनी खाल्ली व्हती," मावशी म्हणाल्या. "त्यांना इचारा. वाईट असती तर त्यांनी वाढू दिली नसती."

सगळे माझ्याकडे वळले. एवढ्या माणसांत स्वतःच्या शौचाबद्दल बोलायचं, हे नको वाटत होतं. पण गप्प राहिलो तर त्यांचं काम जाणार होतं. मी उठलो आणि पोटापासून कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं.

मागून कोणीतरी म्हणालं, "गुरुजींचं पोट लईच नाजूक निघालं." हशा झाला. मावशी हसल्या नाहीत. त्यांचं काम राहिलं. माझ्याकडून लेखी खुलासा घेतला गेला.

चार दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी टेबलावर फडकं ठेवलं. आत नाचणीची भाकरी आणि तेल सुटलेली खुरासणीची चटणी, मिरची-लसूण न घातलेली.

"पोटाचं सांगायचं ना मला. सांगितलं असतं तर मीच दोनदा चाखली असती."

"लाज वाटली, मावशी."

"मला लोकांपुढं उभं केलं, तवा नाय वाटली?" फडकं माझ्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, "तेल वाईट नसतं, गुरुजी. नासलेलं वाईट."

पुढच्या खेपेला डॉक्टरही रागावले. म्हणाले, तळलेलं सोडा सांगितलं होतं, तेल नाही. प्रत्येक जेवणात थोडं कच्चं शेंगदाण्याचं तेल, थोडे तीळ, चमचाभर तूप. काय सोसतं ते लिहून ठेवा. मी लिहू लागलो. कळा कमी झाल्या, वजन भरलं. पूर्ण बरा मात्र नाही.

मटकी अजूनही कधी सोसते, कधी नाही. पण वाढण्याआधीचा चमचा आता मी चुकवत नाही आणि पंगतीत मुलांसमोर आणखी एक खातो. ती मुलगी तिसरीत गेली आहे. वाढून झालं तरी ती ताटाला हात लावत नाही. मी घास गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत बसते.