काकांच्या टी-शर्टवरची माणसं

"ताई, यात माणसं कुठली आणि बटाटे कुठले?"

माझ्या काउंटरवर टी-शर्ट पसरून शिंदेकाका त्यावरच्या चार काळ्या आकृत्यांवर बोट फिरवत होते. मार्केट यार्डात पस्तीस वर्षं त्यांनी कांदा-बटाट्याची आडत केली होती. त्यामुळे तुलना जाणकाराची होती. शेजारी त्यांची मुलगी वैशाली खाली मान घालून उभी होती.

गुलटेकडीला माझं टी-शर्ट प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. वैशाली खराडीला आयटीत काम करते. आठवड्यापूर्वी ती मोबाइलमध्ये घरच्या चौघांचे फोटो घेऊन आली होती. बाबांच्या पंचाहत्तरीला सगळ्यांनी घालायचे टी-शर्ट ती स्वतःच, घरच्या इस्त्रीने करणार होती. माझ्याकडून फक्त सिल्हूट हवी होती, म्हणजे फोटोतल्या माणसाची भरीव काळी आकृती. काम तसं सोपं. कॉम्प्युटरवर मागचं बॅकग्राउंड काढायचं, माणूस पूर्ण काळा भरायचा, त्याची कड ट्रेस करायची. मग प्लॉटर, म्हणजे पातं बसवलेलं मशीन, तो आकार इस्त्रीने कापडावर चिकटणाऱ्या व्हिनाइलच्या शीटमधून कापतं. वैशालीने मखमली शीट मागितली. का, ते मी विचारलं नाही. कापून दिलं आणि मोकळी झाले.

कारण आता समोर उभं होतं. काकांची नजर काचबिंदूने गेली होती. घरची माणसं त्यांना हाताने कळावीत, म्हणून मखमल.

चूक माझीच होती. सगळे फोटो समोरून काढलेले. समोरचा चेहरा काळा भरला की नाक, ओठ, हनुवटी सगळं आत बुडतं. उरतो एक गोळा. डोळस माणूस केसांवरून, कपड्यांवरून ओळखून घेतो. मी तशी कित्येक कामं दिली होती. कुणी काही बोललं नव्हतं.

मी माफी मागितली आणि बाजूने फोटो काढू म्हटलं. काका आणि वैशालीचे तिथेच काढले, तिच्या भावाने, रोहितने, स्वतःचा पाठवला. प्रश्न वैशालीच्या आईचा होता. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांचे सगळे फोटो कॅमेऱ्याकडे बघून हसणारे.

वैशाली म्हणाली, अंदाजाने काढा. मी काढलंही असतं.

"अंदाजाने काढलेली बाई मी कशाला अंगावर घालू?" काका म्हणाले. मग वैशालीला म्हणाले, "रोहितच्या लग्नात ती पंगतीत जिलबी वाढत होती. तेव्हा फोटोग्राफर पंगतीचे फोटो काढत फिरत होता. त्यात कुठे सापडते का बघ."

दुसऱ्या दिवशी वैशाली अल्बम घेऊन आली. एका फोटोच्या कोपऱ्यात त्या सापडल्या. किंचित वाकलेल्या, पदर खोचलेला, बरोब्बर बाजूने. फोटो अंधुक होता आणि हनुवटीसमोर कुणाचा तरी हात आला होता. मी स्कॅन केला आणि कड एकेक बिंदू सरकवत काढली. हनुवटीपाशी मात्र मला काहीच माहीत नव्हतं. म्हणून आकृती तळहाताएवढी कापली आणि काकांना बोलावून घेतलं.

पहिली त्यांनी परत केली, हनुवटी फार पुढे आली म्हणाले. दुसरीत मान ताठ होती. तिसरीवर नाकापासून बोट सावकाश खाली आलं, हनुवटीवरून वळलं, मानेमागून वर गेलं आणि अंबाड्यापाशी थांबलं.

"अंबाडा सुटत आलाय," काका म्हणाले. "वाढताना नेहमी सुटायचा."

बोट तिथेच राहिलं. वैशालीने तोंड वळवलं. मी उगाच मशीनशी खुडबुड करत राहिले.

"ताई, हीच," ते म्हणाले.

पंचाहत्तरी झाली. दोन दिवसांनी वैशाली परत आली. इस्त्री पुरेशी तापली नव्हती, रोहितच्या टी-शर्टवरची एक कड सुटली होती. ती मी हीट प्रेसवर पक्की करून दिली. काकांनी त्यांचा टी-शर्ट दोन दिवस धुवायलाच दिला नव्हता, असं तिने सांगितलं.

इतकी वर्षं मला कड कापता येत होती. ती माणसाची आहे की नाही हे तपासायला काकांनी शिकवलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. आता कापलेला प्रत्येक तुकडा मी आधी डोळे मिटून हाताने बघते. समोरून काढलेला फोटो आला तर परत पाठवते आणि बाजूचा मागते. गिऱ्हाइकं वैतागतात. वैतागू देत.