तिच्या बाटलीतला जांभळा रंग

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे प्रयोगशाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही. ती आगरदांड्याची, माझ्याकडे पीएचडी करणारी.

आमचं कामच नाजूक. कार्बन एरवी चार बंध करतो. आम्ही दोनच बंधांवरचा कार्बन हाताळायचो. असा अणू एकटा क्षणभरही टिकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना मोठे रेणू जोडून त्याला सावरायचं. त्यांना लिगँड म्हणतात. वर्गात मी त्यांच्याबद्दल बरंच काही सांगायचे, पण मनातून त्यांना नुसते राखणदार समजायचे. तिला मात्र वाटायचं, सावरणाराच कार्बनचे इलेक्ट्रॉन ओढतो किंवा ढकलतो. एक लिगँड बदललं की कार्बनचा स्वभाव बदलेल, रंगसुद्धा.

एका दुपारी तिने बंद बाटली पुढे धरली. आमचं संयुग नेहमी पिवळं असायचं. हे गर्द जांभळं होतं.

"हवा लागली," मी म्हटलं. आमच्याकडे काहीही बिघडलं की मी हेच म्हणायचे.

"नाही मॅडम, एका बाजूचं लिगँड बदललंय. एकदा मोजून बघूया ना."

"मला शिकवू नकोस. उघड आणि धुऊन टाक."

सगळ्यांसमोर तिने झाकण काढलं. हवा आत गेली आणि जांभळा रंग बघता बघता उडाला. हवा आधीच लागली असती तर तो तेव्हाच गेला असता, हे मला त्याच क्षणी कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाटली नीट धू."

त्या रंगावर तिचा अख्खा प्रबंध उभा राहिला असता. घरचे विचारत होते, अजून किती वर्षं? ते संयुग पुन्हा करायला मी तिला परवानगी दिली नाही, त्यामुळे दाखवायला काहीच नव्हतं. सहा महिन्यांनी ती पीएचडी सोडून गेली.

मग मी तिची मागे राहिलेली प्रयोगांची वही उघडली, तिच्याच कृतीने संयुग बनवलं. जांभळं झालं. मोजलं. तिचा शब्द न् शब्द खरा निघाला. मी ती वही दोन वर्षं कपाटात ठेवली. याची मला आजही लाज वाटते.

मागच्या महिन्यात दिघीहून फेरीबोटीने पलीकडे आगरदांड्याला तिच्या घरी गेले. दारात तिची आई होती. "बसा बाई. पोरगी शिकवणी घेते हाय, येईल आता."

ती आली, चहा आणला. मी वही पुढे केली. शेवटी चिकटवलेली माझी मोजमापं तिने सावकाश वाचली.

"म्हणजे खरा होता रंग."

"खरा होता. माझी चूक झाली गं. परत ये, प्रबंध पुरा करू."

तिने वही मिटली. "मॅडम, मी झाकण काढलं आणि रंग उडाला, तेव्हा तुम्ही बघत होतात ना?"



"हो," मी म्हटलं.

"मग चूक कशी म्हणता?" ती म्हणाली, आणि वही स्वतःजवळ ठेवून घेतली.