नंबर येईपर्यंत

"हात धुऊन या आधी. मशीन खराब होईल."

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या बँकेत साहेब माझ्याशी बोलला ते पहिलं वाक्य हे. अंगठा लावायचं छोटं मशीन त्याने माझ्यापुढून मागे ओढून घेतलं. पाठीमागे रांगेत दहा-बारा माणसं. माझे हात मळके नव्हते. चाळीस वर्षं भैरवगढला छपाईचं कापड धुतलं, भट्टीवर उकळलं, नदीच्या दगडावर आपटलं. लाल-काळा रंग नखांच्या मुळात जाऊन बसलाय. तो साबणाने जात नाही.

तरी मी उठलो. नळावर गेलो, हात धुतले, होते तसेच परत आणले. त्या उठण्याची लाज मला आजही वाटते.

मशीनने अंगठा घेतलाच नाही. बोटांवर रेघाच उरलेल्या नाहीत. मी म्हटलं, सही येते मला, चौथी पास आहे. साहेब हसला. मग कॉम्प्युटरमध्ये बघून रांगेला ऐकू जाईल असं बोलला, "मायनस एक. काका, तुमचा स्कोअरच नाही. सासष्ट वर्षांत एक लोन नाही, एक कार्ड नाही? सिस्टीम तुम्हाला ओळखतच नाही. मग पैसे द्यायचे कुणाला?"

रांगेत कुणीतरी हसलं.

साहेब मराठीच. त्याचे आजे-पणजे सरदारांच्या कचेरीत कारकून होते, हे त्याने पुढे मला दोनदा ऐकवलं. माझेही त्याच लवाजम्याबरोबर उज्जैनला आले होते. त्यांचे कपडे रंगवायला आणि धुवायला. हे मी त्याला ऐकवलं नाही.

मी पैसे मागायला गेलो होतो बायकोसाठी. इंदूच्या हृदयाची झडप खराब झाली होती. चार पायऱ्या चढली की ओठ निळे पडायचे. इंदूरचा डॉक्टर म्हणाला, ऑपरेशन करावंच लागेल, गोळ्यांवर सहा-आठ महिने काढता येतील. सरकारी इलाजाच्या यादीत आमचं नाव नव्हतं. का नव्हतं, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. तीन लाख पाहिजे होते. जवळ वीस हजारांची एफडी, बाकी काही नाही.

जन्मभर मी उधारी केली नाही. किराणा नगद, कापड नगद, पोरीचं लग्नसुद्धा जेवढं होतं तेवढ्यात. मला वाटायचं ही इज्जत आहे. बँकेत कळलं, ही खोट आहे. ज्याने कधी घेतलं नाही, त्याला कुणी देत नाही.

मग मी गरीब माणूस करतो तेच केलं. एका दारात नाही म्हटलं तर दुसऱ्या दारात गेलो. एका आठवड्यात पाच बँका. सगळीकडे फॉर्म, सगळीकडे सही, सगळीकडे नाही. परत पहिल्या बँकेत आलो तेव्हा काउंटरवरची मुलगी हळूच म्हणाली,

"काका, पाच ठिकाणी कशाला विचारलंत? ते सगळं इथे दिसतं. त्याने अजून बिघडतं. वाटतं, यांना फार गरज आहे."

"गरज आहे म्हणूनच मागतोय ना, बेटा."

"गरज दिसली की देत नाहीत."

तिने मान खाली घातली. त्या इमारतीत खरं बोललेली ती एकटी.

रस्ता तिनेच दाखवला. एफडी बँकेकडे गहाण टाकायची, तिच्यावर क्रेडिट कार्ड मिळतं. दर महिन्याला थोडं वापरायचं. बिल आलं की पूर्ण भरायचं. बिलावर 'कमीत कमी इतके भरा' असं लिहिलेलं असतं, त्याला भुलायचं नाही. दुसरीकडे कुठे अर्ज करायचा नाही. सहा महिन्यांनी स्कोअरचा नंबर येईल. "यायलाच पाहिजे असं नाही हं, काका," ती म्हणाली. "पण बहुतेक येतो."

मी हिशोब जुळवला. डॉक्टरचे सहा-आठ, बँकेचे सहा. बसतं.

पहिल्यांदा कार्डावर इंदूच्या गोळ्या घेतल्या. दुपारी लगेच बँकेत गेलो पैसे भरायला. मुलगी म्हणाली, "बिल तर येऊ द्या!" मी म्हटलं, उधारी अंगावर ठेवून घास उतरत नाही. घरी इंदूला सांगितलं तर ती दम लागेपर्यंत हसली.

"अहो, म्हातारपणी उधारी शिकताय, आणि त्यातही नापास!"

मग शिकलो. पंचवीस दिवस दुसऱ्याचे पैसे अंगावर ठेवून जेवायला शिकलो. इंदू रोज विचारायची, "आला का हो तुमचा नंबर?" जसा कुणी पाव्हणा येणार आहे. मी म्हणायचो, वाटेत आहे. ती म्हणायची, "पैदल निकला है क्या?"

तिसऱ्या महिन्यात तिला आडवं झोपता येईना. बसून राहायची, भिंतीला उशी लावून. मी साहेबाकडे गेलो. हात जोडले. हेही लिहितो, कारण हेही मी केलं. म्हटलं, साहेब, तीन महिने वेळेवर भरलं, तीनच मोजा, माझ्या बायकोकडे टाइम नाही.

साहेबाने हातातला चहाचा कप खाली ठेवला. "काका, रोप लावलं की रोज उपटून मूळ बघता का? धीर धरा. तुम्हा लोकांचं हेच चुकतं. सगळं लगेच पाहिजे."

तुम्हा लोकांचं. चाळीस वर्षं नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहिलो, तेव्हा याच्या घरातल्या चादरी धुतल्या गेल्या. आणि धीर मला शिकवतो हा.

पण तोंडातून एवढंच निघालं, "जी साहेब."

पाचव्या महिन्यात इंदू गेली. सकाळी चहा ठेवायला मी उठलो. कप घेऊन आलो तर ती भिंतीला टेकलेली तशीच. डोळे उघडे. मी दोनदा म्हटलं, चहा घे. मग कळलं. माझ्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. चहा थंड होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिलो.

त्या महिन्याचं बिलही मी वेळेवर भरलं. का भरलं, मला सांगता येणार नाही. हातांना सवय लागली होती.

दोन महिन्यांनी फोन आला. साहेब स्वतः. "काका, अभिनंदन! सातशे बेचाळीस. मी म्हटलं नव्हतं?" माधव नगरला बँकेचा ग्राहक मेळावा होता. माझा सत्कार करायचा होता. शाल, नारळ, आणि धीरज या विषयावर माझे दोन शब्द.

मी गेलो. शाल खांद्यावर टाकायला साहेब पुढे आला, मी मागे सरकलो. माइक मात्र घेतला. समोर सगळे हिंदीवाले, म्हणून हिंदीत बोललो.

"मैंने धीरज रखा. बीवी मर गई. नंबर आ गया."

दोन-तीन जणांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. साहेबाने माइक घेतला आणि म्हणाला, "बाबा थोड़े भावुक हो गए." कार्यक्रम पुढे चालू झाला. काही फरक पडला नाही. भजी आली, लोक उठले.

पायऱ्यांवर एका बाईने मला अडवलं. रुखसाना. भैरवगढलाच कापडावर छपाईचे ठप्पे मारते, तोंडओळख होती. मला वाटलं इंदूबद्दल दोन शब्द बोलेल. ती म्हणाली,

"बाबा, नंबर कितने महीने में आया?"

क्षणभर तिच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. मग म्हटलं, सात. तुला कशाला? तिचा नवरा किडनीने पडलाय. चार बँकांत अर्ज करून झाले होते. चार.

मी तिला घेऊन परत आत गेलो. साहेब भजी खात होता. मी म्हटलं, "हा माझा नंबर. मी हिला जामीन राहतो. हिला पैसे द्या."

"काका, नंबर उत्तम आहे. पण जामीन राहायला तुमचं वय बसत नाही."

मग तो नंबर कशाचा? सात महिने मी काय पिकवलं? या वेळी मी जी साहेब म्हटलं नाही. खुर्ची ओढली, त्याच्यासमोर बसलो. रुखसानालाही बसवलं.

"हे लिहून द्या. हिला का नाही, मला का नाही. सही-शिक्क्यासकट."

"असं लिहून देत नाहीत, काका. तुम्ही समजून घ्या."

"समजून घेणं बंद. सोमवारी बँकेत येतो. मिळेपर्यंत उठणार नाही."

सोमवारी गेलो. पाच तास बसलो. शिपायाने दंडाला धरलं, तरी उठलो नाही. शेवटी सही-शिक्क्याचा कागद मिळाला, तीन ओळींचा. रुखसानाचा नवरा त्याने बरा झाला नाही, होणारही नाही. मला ते माहीत आहे. कागदाने कुणी वाचत नाही.

आता वस्तीतलं कुणी बँकेत निघालं की मी सोबत जातो. पाच दारं वाजवू नको, बिल पूर्ण भर, वेळ लागतो, आणि घरात आजारी माणूस असेल तर या नंबरच्या भरवशावर राहू नको, एवढं सगळं सांगतो. धीर धर, एवढंच सांगत नाही. ते माझ्या तोंडून कधी निघणार नाही.

आणि तोंडी 'नाही' घेऊन मी कुणाला बँकेच्या पायऱ्या उतरू देणार नाही. नाही म्हणायचं असेल तर नावानिशी म्हणा, खाली सही करा.